सकाळी आलेली टोस्का

आमच्या टोस्काचा, म्हणजे संगीतकार पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेरात नायिकेचं काम करणाऱ्या गायिकेचा, आवाज बसल्याचं सकाळी नऊच्या सुमारास कळलं. प्रयोग संध्याकाळी साडेसातला होता आणि तिकिटं जवळजवळ संपली होती. जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या ऑपेरागृहात मी सहायक दिग्दर्शक आहे. इथे पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शक पुढच्या कामाला निघून जातो. नंतरचे प्रयोग त्याने बसवले तसेच होत राहतील, हे सहायकाने बघायचं. रिप्लेसमेंट उभी करणंही त्यातच आलं.

कचेरीने एजंटांना फोन लावले आणि तासाभरात एक पोलिश गायिका मिळाली. ती लगेच रेल्वेत बसलीसुद्धा. टोस्का तिने बऱ्याच ठिकाणी केली होती, त्यामुळे सूर आणि शब्द तोंडपाठ होते. प्रश्न होता तो फक्त आमच्या रंगमंचाचा. सुरी कुठे असते, दार आत उघडतं की बाहेर, शेवटची उडी कुठून मारायची, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. मुंबईत मी प्रायोगिक नाटकांचं बॅकस्टेज करायचे, तेव्हा घाईघाईच्या रिप्लेसमेंटलाही निदान एक रात्र मिळायची. इथे ती दीडला पोहोचणार होती. कपडेपट आणि रंगभूषेचा वेळ वगळला तर माझ्या हातात तीन तास उरत होते.

त्यातून नाटक ‘टोस्का’. काही ऑपेरांमध्ये नवी गायिका मधोमध उभी राहून गायली तरी निभावतं, पण इथे ते चालत नाही, कारण या नाटकात माणसं वस्तूंनी मारली जातात. काळ आहे जून १८००. नेपोलियन आणि ऑस्ट्रियन फौजांची मारेंगोची लढाई नुकतीच झाली आहे आणि रोममध्ये पोलीसप्रमुख स्कार्पियाची दहशत आहे. चित्रकार मारिओ कावारादोस्सी तुरुंगातून पळालेल्या आंजेलोत्तीला लपवतो. एका सरदारीणबाईचा चर्चमध्ये राहिलेला हातपंखा दाखवून स्कार्पिया मारिओच्या प्रेयसीचा, गायिका फ्लोरिया टोस्काचा, संशय पेटवतो आणि तिच्या मागावर माणसं सोडून मारिओपर्यंत पोहोचतो. पंखा, सुरी, परवाना, मेणबत्त्या, क्रूस यातली एक वस्तू जरी जागेवर नसली तरी कथा अडते.

पहिला अंक आम्ही भराभर उरकला. मेरीच्या मूर्तीपुढे फुलं ठेवायची जागा दाखवली, मारिओचं चित्र कुठल्या बाजूने बघायचं ते सांगितलं. सगळा वेळ खाल्ला तो दुसऱ्या अंकाने. स्कार्पियाचं काम करणारा गायक स्वतःहून तालमीला आला होता. आतल्या खोलीत मारिओचा छळ चाललेला आणि बाहेर स्कार्पियाचं जेवण मांडलेलं. तो टोस्कापुढे सौदा ठेवतो, तू माझी हो, मी त्याला सोडतो. तिथे ती ‘विस्सी दार्ते’ गाते. कलेसाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, देवा, मग हे माझ्या वाट्याला का? आमच्या प्रयोगात ती हे खिडकीशी उभी राहून गाते. पाहुणी म्हणाली, “मला जमिनीवर हवंय.” व्हिएन्नात गायिका मारिया येरिट्झा ही आरिया, म्हणजे हे एकल गाणं, पालथी पडून गायली होती आणि पुढे अनेकींनी तिचं अनुकरण केलं. मी हो म्हटलं आणि प्रकाशयोजनेवाल्याला झोत खाली आणायला सांगितलं. तीन तासांत माणसाच्या अंगात नवी सवय मुरत नाही. तिच्या अंगात जे आधीच मुरलेलं आहे, त्याला जागा करून देणंच बरं.

पुढे टोस्का सौदा मान्य करून स्कार्पियाकडून मारिओसह शहराबाहेर जायचा परवाना लिहून घेते आणि टेबलावरच्या सुरीने त्याला मारते. या खुनानंतरची मिनिटं मात्र आम्ही पुन्हा पुन्हा केली. माझ्या मते अख्ख्या ऑपेराचा कळस तिथे आहे, आणि तिथे गाणं जवळजवळ नाहीच. टोस्का नॅपकिन ओला करून बोटं पुसते, आरशात बघून केस सारखे करते, मग परवाना शोधायला लागते. टेबलावर तो सापडत नाही. मेलेल्या माणसाच्या मुठीत असतो. तो काढून घेतल्यावर एकाच खालच्या सुरावर, बोलल्यासारखं ती म्हणते, याच्यापुढे सगळं रोम थरथरत होतं. आता तिने पळायला हवं, पण ती थांबते. दोन मेणबत्त्या पेटवून प्रेताच्या डोक्याशी दोन बाजूंना ठेवते आणि भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. पहिल्या अंकात चर्चमध्ये फुलं वाहणारी हीच बाई. ज्याला तिने मारलं, त्यालाही ती विधीशिवाय सोडून जाऊ शकत नाही. प्रत्येक कृतीला किती वेळ मिळणार हे पुच्चिनीने वाद्यवृंदात बांधून ठेवलंय, त्यामुळे हात संगीताच्या मागे पडले तर वेळ भरून काढायला जागा नाही. आमच्या मेणबत्त्या खऱ्या असतात आणि विंगेत अग्निशमन दलाचा माणूस उभा असतो. वाती आधी जाळून काळ्या केलेल्या असतात, म्हणजे ज्योत लगेच धरते. पाहुणीने दोन्ही मेणबत्त्या हातात घेऊन वाती निरखल्या, परत ठेवल्या आणि म्हणाली, “चालेल.”

मग उडी. तिसरा अंक रोममधल्या कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्याच्या गच्चीवर, पहाटेचा. शेवटी टोस्का तटावरून खाली झेप घेते. आमच्या तटामागे जाड गाद्या घातलेला मचाण आहे आणि तिथे दोन रंगमंच कामगार उभे असतात. भीती एकाच गोष्टीची, उडी मारणारा माणूस खाली बघतो आणि शरीर आखडतं. म्हणून मी स्वतः पडून दाखवलं. पाय जुळवायचे, नजर वर ठेवायची, गुडघे सैल सोडायचे आणि खांद्यावर यायचं, हात टेकायचे नाहीत. हे सांगताना मी तळवा पालथा करून हवेतच सावकाश खाली नेते, ती माझी लकबच आहे. ती माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. मग ती पडली, उठली, पुन्हा पडली.

प्रयोगाआधी पडद्यापुढे जाऊन व्यवस्थापकांनी बदल जाहीर केला. ‘टोस्का’ला पूर्वरंग नाही, पडदा उघडतानाच स्कार्पियाचे ते तीन घणाघाती स्वरसंघात कोसळतात. दुसऱ्या अंकात मी हालचालींच्या नोंदींची प्रत धरून विंगेत उभी होते. जमिनीवरून गायलेली आरिया संपली तशा टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. सुरी हाताला लागली. मेणबत्त्या दोन्ही पेटल्या. क्रूस ठेवून ती उठली, दूर ताशा वाजला आणि ती बाहेर पडली तेव्हा माझ्या शेजारी अग्निशमनवाल्याने मोठ्याने श्वास सोडला.

तिसऱ्या अंकात तर मी इतके दिवस ऐकूनही न ऐकलेलं ऐकलं. पुच्चिनीने रोममधल्या पहाटेच्या घंटा मुद्दाम तिथे जाऊन ऐकल्या होत्या आणि सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा सूर नेमका विचारून घेतला होता. त्या घंटा सरतात, मारिओ ‘ए लुचेवान ले स्तेल्ले’ गातो आणि टोस्का परवाना घेऊन धावत येते. तिला वाटतंय, मारिओला गोळ्या घालायचं नुसतं नाटक होणार, गोळ्या खोट्या असणार. स्कार्पियाने तसंच कबूल केलंय. म्हणून ती मारिओला पडायला शिकवते. बार झाला की पड, लागू देऊ नकोस. “रंगमंचावर टोस्का पडते तसा?” तो विचारतो. तीही रंगभूमीवरची बाई, त्यामुळे त्या गच्चीवर ती चक्क तालीम घेत असते.

तर आमच्या पाहुणीने तळवा पालथा केला, हवेत सावकाश खाली नेला, गुडघे किंचित सैल सोडले आणि मारिओच्या खांद्याला बोट लावून कुठे टेकायचं ते दाखवलं. दुपारचा माझाच धडा माझ्यासमोर ती त्याला देत होती, तितक्याच काळजीने, माणसाला लागू नये म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. तिला खरंच वाटत होतं की नीट शिकवलं तर तो वाचेल.

गोळ्या सुटल्या. मारिओ अगदी सांगितल्यासारखा पडला आणि ती कौतुकाने उद्गारली, काय कलावंत आहे! सार्जंट शेवटची गोळी घालायला पुढे येतो, स्कार्पियाचा हस्तक स्पोलेत्ता त्याला अडवतो, त्यामुळे तिचा विश्वास आणखी घट्ट होतो. सैनिक जाईपर्यंत ती त्याला हलू नकोस म्हणून बजावत राहते. मग ऊठ म्हणते, आणि तो उठत नाही. पाठोपाठ स्कार्पियाचा खून उघडकीला आल्याचा गलका होतो आणि ती तटावर चढते. तिने खाली पाहिलं नाही.

रंगभूषा उतरवताना मारिओ करणाऱ्या गायकाने मला गाठलं. गोळ्या खऱ्या आहेत हे मारिओला आधीच कळलेलं असतं का, हा या भूमिकेतला जुना वाद आहे. आमच्या दिग्दर्शकाने तो मोकळा ठेवला होता. गायक म्हणाला, “ती इतकं नीट शिकवत होती, की मला तिला सांगवेना. मला ठाऊक होतं, पण मी शिकून घेतलं.” मी दिग्दर्शकाला फोन करून परवानगी घेतली. आमची टोस्का बरी होऊन परतल्यावर दोघांना घेऊन तेवढाच भाग पुन्हा बसवला. आता ती पडायचं कसं ते अंगाने करून दाखवते, आणि मारिओला सगळं माहीत असतं.