पगार थकल्यामुळे विकला गेलेला किल्ला

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातले पहिले चार दिवस बंदर, चर्च आणि अंबरची दुकाने पाहण्यात गेले, आणि चांगलेच गेले. परंतु आज लिहायला बसले आहे ती पाचव्या दिवशी मालबोर्कच्या किल्ल्यापाशी ऐकलेल्या टाळ्यांमुळे.

नोगात नदीच्या काठी विटांनी बांधलेल्या या अवाढव्य किल्ल्याच्या तटाशी दर जुलैमध्ये ‘मालबोर्कचा वेढा’ नावाचा उत्सव भरतो. 15 जुलै 1410 रोजी ग्रुनवाल्ड येथे पोलंड आणि लिथुआनियाच्या सैन्याने ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा धुव्वा उडवला, संघाचा प्रमुख तिथेच पडला, आणि काही दिवसांतच राजा यागिएवोने त्यांच्या राजधानीला, म्हणजे याच किल्ल्याला, वेढा घातला. त्या वेढ्याचे नाट्य तटासमोर रात्री उभे करतात. पोलंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याने उत्साहाने दोन तिकिटे काढली होती.

दिवसाची जत्रा मला आवडली आणि तिने मला दमवलेही. भर उन्हात लोखंडी चिलखत घालून फिरणारी माणसे पाहून आपणच घामाघूम होतो, आणि स्वच्छतागृहासमोरची रांग भालाफेकीच्या मैदानापर्यंत पोहोचली होती. बटाटा आणि चीज भरलेल्या पिएरोगी मी दोन वेळा खाल्ल्या, 1410 मध्ये युरोपात बटाटाच नव्हता, हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “मावशी, गरम आहेत तोवर खा.” एका तंबूबाहेर एक गृहस्थ पकडीने लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून जाळीचे चिलखत विणत बसले होते. दोन हिवाळे हे काम चालू आहे आणि अजून एक बाही बाकी आहे, असे त्यांनी भाच्याच्या मोडक्या पोलिशमधून मला सांगितले. त्यांच्यापाशी मी जितकी रेंगाळले, तितकी द्वंद्वयुद्धाच्या मैदानाशी रेंगाळले नाही.

दुपारी किल्ल्याच्या आत गेलो. प्रमुखाच्या महालात उन्हाळी भोजनगृह आहे, ज्याच्या छताचा सगळा भार मधोमध उभ्या असलेल्या एकाच दगडी खांबावर पेलला आहे. आख्यायिका अशी की वेढा चालू असताना सगळे सरदार या दालनात जमले की खबर द्यायची म्हणून एका फितूर नोकराने खिडकीत लाल टोपी लटकवली, आणि नदीपलीकडून त्या खांबावर नेम धरून तोफ डागण्यात आली. खांब पडला असता तर छत सरदारांच्या डोक्यावर आले असते. नेम चुकला, आणि तो दगडी गोळा आजही शेकोटीच्या वर भिंतीत रुतलेला दिसतो. आकाराने तो अगदी साधा, एरवी लक्षही जाऊ नये असा. मी मात्र त्याच्याखाली बराच वेळ उभी राहिले, कारण इतके सैन्य, इतकी तयारी आणि एक फितूर, या सगळ्यांचे फलित म्हणून एवढेच भिंतीत उरले होते.

जुलैत तिथे रात्री साडेनऊच्या पुढेच खरा अंधार पडतो, त्यामुळे खेळ सुरू होईपर्यंत डासांनी आमची पुरेपूर खातिरदारी केली. मग शिड्या, मशाली, ढोल, घोडे आणि छातीत धडकी भरवणारे स्फोट सुरू झाले, तटावर लाल धूर पसरला, आणि मला उगाचच राग येऊ लागला. दुपारीच आम्ही आत 1945 ची छायाचित्रे पाहिली होती. त्या वर्षीच्या लढाईत हा किल्ला जवळजवळ अर्धा उद्ध्वस्त झाला होता, आणि जुन्या काळपट विटांशेजारी नंतर लावलेल्या एकसारख्या लाल विटा आजही वेगळ्या ओळखू येतात. त्याच भिंतींना खोटी आग लावून करमणूक करून घेणे मला रुचले नाही. भाच्याच्या मते मी फार गंभीर होत होते, आणि कदाचित ते खरेही असेल.

पण प्रत्येक हल्ल्याला प्रेक्षक जोरदार टाळ्या देत होते, तेव्हा त्यानेच विचारले, “मावशी, हे टाळ्या कुणासाठी वाजवताहेत? राजा तर इथे हरला ना?”

हरला म्हणण्यापेक्षा परत गेला. किल्ल्याचा बचाव करणाऱ्या हाइनरिख फॉन प्लाउएन या ऑर्डरच्या सरदाराने वेढा पडण्याआधीच भोवतालचे नगर जाळून टाकले होते, म्हणजे शत्रूला आसरा मिळू नये. आणि वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत हगवणीची साथ पसरली. जवळजवळ दोन महिने असे काढून 19 सप्टेंबरला राजाने वेढा उठवला. घोडे आणि मशाली यांच्या खेळात हगवण दाखवणार तरी कशी? तरीही पोलिश प्रेक्षक आपल्या राजाच्या फसलेल्या मोहिमेला मनापासून दाद देत होते, आणि हे लक्षात आल्यावर माझा राग निम्मा तरी ओसरला. मीही टाळ्या वाजवल्या.

गर्दीतून वाट काढत स्थानकावर पोहोचेपर्यंत पाय दुखून आले होते. फलाटावर आमच्यापुढे दोन शिलेदार पाठीवर सॅक आणि हातात शिरस्त्राण घेऊन गाडीची वाट पाहत होते.

“मग हा किल्ला पोलंडला मिळाला कसा?” भाच्याने विचारले.

“1457 मध्ये. ऑर्डरने किल्ला आपल्या भाडोत्री सैनिकांकडे गहाण ठेवला होता, कारण त्यांचा पगार थकला होता. त्यांनी तो पोलंडच्या राजाला 1,90,000 सोन्याच्या नाण्यांना विकून टाकला.”

“विकला? लढाई नाही?”

“किल्ल्यासाठी नाही. प्रमुख क्योनिग्सबर्गला पळून गेला.”

तो काही क्षण गप्प राहिला. “हे ते रात्रीच्या खेळात का दाखवत नाहीत?” असे त्याने विचारले, आणि तेवढ्यात गाडी आली.