तुम्ही विचारलंत म्हणून: पोलार्डला बॅकअप का ठेवला होता?

इकडे डॅलसला काउबॉइजची, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, मॅच बघायला आपली मराठी मंडळी जमली की कोणीतरी मला हमखास विचारतंच, टोनी पोलार्ड जर झीकपेक्षा, म्हणजे आपला मेन रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) इझिकिएल इलियट याच्यापेक्षा, भारी पळत होता तर त्याला इतकी वर्षं बॅकअप म्हणून का ठेवला? आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

आकडे बघून कोणालाही असंच वाटेल. 2022 ला झीक 231 वेळा बॉल घेऊन पळाला आणि 876 यार्ड पुढे गेला, दर कॅरीला, म्हणजे दर पळण्याला, 3.8. पोलार्ड 193 वेळा पळाला, 1007 यार्ड, म्हणजे 5.2! आणि पैसे बघा, झीकला 2019 ला सहा वर्षांचं 9 कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन दिलेलं, आणि पोलार्ड त्याच वर्षी चौथ्या राऊंडला ड्राफ्ट (नवीन खेळाडूंची निवड) झालेला, रूकी कॉन्ट्रॅक्टवरचा, म्हणजे नवख्याच्या कमी पगारावरचा पोरगा.

पण बॉल कधी दिला तेही बघायला हवं ना. एक-दोन यार्ड हवेत, समोरच्या अकराही जणांना माहितीये की आता हा बॉल घेऊन पळणार, तिथे झीक घुसायचा. गोल लाईनजवळून एक यार्डाचा टचडाऊन मारला, म्हणजे बॉल त्या रेषेपार नेला, की सहा पॉइंट मिळतात पण ॲव्हरेज खाली येतं, आणि त्या सीझनला त्याचे असे-तसे मिळून 12 रशिंग (पळून केलेले) टचडाऊन होते. ब्लिट्झ आला, म्हणजे समोरचे जास्तीची माणसं घेऊन बॉल फेकणाऱ्यावर धावून आले, की आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) डॅक प्रेस्कॉटच्या समोर उभं राहून तो अंगावर घ्यायचा, ते तर कुठल्याच यार्डात मोजत नाहीत. पोलार्ड ताज्या पायांनी यायचा, त्याला मोकळी जागा मिळेल असे प्ले (आखलेल्या चाली) दिले जायचे. चार ओव्हरचा सुसाट स्पेल टाकणाऱ्या बोलरला दिवसभर एका एंडने टाकायला लावलं तर काय होईल, तसंच आहे हे.

आणि ते झालंच की. मार्च 2023 ला झीकला सोडलं, पोलार्डला फ्रँचाइज टॅग लावून, म्हणजे एक वर्षासाठी टीमकडेच राखून, 1 कोटी डॉलरच्या वर दिले, आणि त्या सीझनला तो 252 वेळा पळाला आणि यार्ड किती, 1005. म्हणजे 59 कॅरी जास्त आणि 2 यार्ड कमी! त्याआधी जानेवारी 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) त्याच्या पायाचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, तेही धरलंच पाहिजे, पण सगळा दोष त्या पायाला देता येणार नाही असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी म्हणतो बॅकअपची किंमत खूप आहे, पण ती बॅकअप म्हणून. पोलार्डसारखा कोणी हाताशी असेल तर मेन रनिंग बॅकला 9 कोटी द्यायचं कारणच उरत नाही, दोघांना मिळून त्याच्या निम्म्यात भागतं आणि दोघांचेही पाय शाबूत राहतात, खरी चूक तिथे झाली, पोलार्डला कमी बॉल देण्यात नाही.

आणि मेन माणूस जखमी झाला की? रिको डाउडल बघा. 2020 ला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही, 2024 ला आपल्याकडे 1079 यार्ड पळाला, मग एका वर्षाच्या करारावर कॅरोलायना पँथर्सकडे गेला, तिथला मेन रनिंग बॅक चुबा हबर्डचा बॅकअप म्हणून. ऑक्टोबर 2025 ला हबर्ड जखमी, डाउडल मायामीविरुद्ध 206 यार्ड पळाला आणि पुढच्याच आठवड्यात 183, तेही आपल्या काउबॉइजविरुद्ध, आणि दोन्ही मॅच पँथर्सनी तीन-तीन पॉइंटनी जिंकल्या.