पाठीवर सॅक चढली की कपडे वेगळेच वागतात

नदीकाठची सपाटी, मग दाट जंगलातला चढ, वर उघडा डोंगरमाथा आणि शेवटी खिंड ओलांडून पलीकडे उतार, अशी ही वाट. मुक्कामाला कुठेही छप्पर नाही, त्यामुळे तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा सगळं आपल्याच पाठीवर. निघताना प्रत्येकाची सॅक 13-14 किलोच्या घरात होती. वाटेचं वर्णन पुन्हा कधीतरी. पुढे जाणाऱ्यांना खरा उपयोग होईल तो कपड्यांच्या माहितीचा, म्हणून इथे तेवढंच लिहिते.

दुकानात आरशासमोर उभं राहून कपडा बसतो की नाही ते ठरवू नका. भरलेली सॅक नीट बांधली की वजनाचा मोठा भाग कमरेच्या हाडांवर येतो, हिप बेल्ट तिथे आवळलेला असतो, पट्टे खांद्यांवरून काखेपाशी येतात आणि पाठीला वारा लागणं बंद होतं. या जागांवर जी शिवण, गाठ, बटण किंवा चेन येईल ती दिवसभर, दर पावलाला, कातडीवर घासत राहते. आमच्यातल्या एकाने जाड ट्राउझर्सवर चामड्याचा पट्टा लावला होता. बकल बरोबर हिप बेल्टच्या खाली. पहिल्याच मुक्कामाला बेंबीखाली बकलच्या आकाराचा लालभडक चौकोन आणि दोन्ही बाजूंना हाडांवर सोलवटलेलं. दुसऱ्या दिवशी पट्टा सॅकेच्या तळाशी गेला आणि तंबूच्या सुट्या दोरीवर पँट टिकली.

म्हणून पँट घ्यायची ती सपाट इलॅस्टिकची, पातळ नायलॉनची, गुडघ्यात थोडी ताणली जाणारी. नाडी असेल तर गाठ मधोमध न मारता बाजूला सरकवा, कारण हिप बेल्टची कडी मधोमधच येते. वरचे खिसे बेल्टखाली जातात. नकाशा, मोबाइल ठेवायला मांडीवरचा चेनचा खिसा कामाचा. जीन्सचा विचारच नको: जड, आणि भिजली की वाळत नाही.

शर्ट लांब हवा. आखूड टी-शर्ट सॅकेच्या हालचालीने वर वर चढतो आणि बेल्ट उघड्या कमरेवर घासतो. खांद्याची शिवण नेमकी पट्ट्याखाली येणार नाही असा शिवलेला शर्ट शोधा. काहींची शिवण खांद्याच्या पुढे ओढलेली असते, काहींची गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते. दोन्ही चालतात. मी कॉलरचा, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट घातला होता. पट्ट्याची कड मानेला लागली नाही आणि सपाटीवरच्या उन्हात मान भाजली नाही. बायकांसाठी एक वेगळी सूचना: ब्राचे हुक आणि पट्टे लहानमोठे करायच्या प्लॅस्टिकच्या कड्या सॅकेच्या पट्ट्याखाली भयंकर रुततात. डोक्यातून घालायची, सपाट शिवणींची स्पोर्ट्‌स ब्राच घ्या.

सुती कपड्यांना सरसकट शिव्या घालायची ट्रेकर मंडळींना सवय आहे. कोरड्या उन्हात सुती शर्ट अंगाला गारच वाटतो, हे खरं. पण सॅकेखालची पाठ वाळतच नाही. सुती धागा पाणी पिऊन बसतो. पॉलिएस्टरचा धागा मात्र वजनाच्या एक टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे तो लवकर सुकतो. पॉलिएस्टरला वास मात्र फार लवकर मारतो. मेरिनो लोकरीला तो कमी येतो, आणि लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा शोषूनही फारशी ओली लागत नाही. तोटा एवढाच की अगदी पातळ मेरिनो पट्ट्यांखाली झिजतं, आधी गोळे येतात, मग भोकं. सॅकवाल्यांनी लोकर आणि नायलॉनचं मिश्रण घ्यावं, असं माझं मत.

जंगलात पाऊस लागला. रेन जॅकेटवरून पाण्याचे थेंब घरंगळतात ते वरच्या लेपामुळे, आणि तो लेप सर्वांत आधी झिजतो तो खांद्यांवर आणि कमरेवर, जिथे पट्टे दाबतात. तिथून ओल आत आली की गळतंय असं वाटतं. बऱ्याचदा निम्मा आपलाच घाम असतो. काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या आणि चढावर ती उघडी ठेवा. खिसे छातीच्या उंचीवर आहेत ना ते बघा. जॅकेटची टोपी डोक्यावर घेऊन मान वळवून बघा, तीही सॅक पाठीवर असताना, कारण सॅकेचं वरचं टोक टोपी पुढे डोळ्यांवर ढकलतं. पोंचो सॅकेसकट सगळं झाकतो, झाडीत छान. माथ्यावरच्या वाऱ्यात तो आवरता आवरत नाही.

दर 1000 मीटर चढाईला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं. तरीही चालताना गरम कपडे कमीच हवेत. सकाळी निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. ऊब वाटत असेल तर पहिल्या चढावर थांबून सगळं सोडावं लागणार. चालताना फार तर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ सिंथेटिक कापडाचं जॅकेट, आणि वर विंडचीटर. पिसांचं जॅकेट सॅकेखाली घालू नका: पट्ट्यांखाली पिसं चेपतात, घामाने ओलावतात, आणि चेपलेल्या ओल्या पिसांना ऊब नाही. ते मुक्कामासाठी. सॅक उतरवल्या उतरवल्या घाला, पाठ गार पडायच्या आत.

कपड्यांचे जोड दोनच: एक चालायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड वॉटरप्रूफ पिशवीत, आणि काहीही झालं तरी तो घालून चालायचं नाही. सकाळी तो काढून कालचा ओला शर्ट चढवताना जिवावर येतं, पण चढ लागला की दहा मिनिटांत अंग तापतं. मोजे मात्र तीन जोड. धुतलेले सॅकेला बाहेर अडकवून वाळवायचे. आतली चड्डी लांब पायांची असली की मांड्या घासत नाहीत. सोबत व्हॅसलिनची छोटी डबी.

निघायच्या आठवडाभर आधी सॅकेत पाण्याच्या बाटल्या भरून खरं वजन करा आणि हाच सगळा पोशाख घालून दोन-तीन तास चाला, जिने चढा-उतरा, रेन जॅकेटही घाला. मग कपडे काढून खांदे, कंबर, मांड्या तपासा. जिथे लाल झालंय तिथला कपडा बदला.

परत आल्यावर जॅकेट आणि शर्ट फॅब्रिक सॉफ्टनर न वापरता धुवा. त्याचा थर बसला की घाम बाहेर टाकायचं काम बिघडतं. जॅकेटवरून पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले असतील तर लेबलवर परवानगी आहे का ते बघून ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवा. लेप बराचसा पुन्हा जागा होतो. तरीही पाणी झिरपलं तर लेपाचा स्प्रे मिळतो, तो खांद्यांवर आणि कमरेवर जरा जास्त मारा.