ट्रॅक्टरचं लोखंडी चाक

आमच्याकडे ट्रॅक्टर जितका शेतात दिसतो तितकाच रस्त्यावर दिसतो. ट्रॉलीत ऊस नसेल तर वऱ्हाड असतं, वऱ्हाड नसेल तर जत्रेला निघालेली अख्खी गल्ली असते, आणि यातलं काहीच नसलं तरी स्पीकर मात्र असतोच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांचा एक गट आहे, ग्रॉफडेल कॉन्फरन्स नावाचा. त्यांना नेमकी याचीच धास्ती. ट्रॅक्टरला त्यांची हरकत नाही. नांगरा, पेरा, खुशाल. पण चाकं लोखंडीच हवीत. हवा भरलेला रबरी टायर नको. टायर बसला की ट्रॅक्टर रस्त्याला लागतो, रस्त्याला लागला की बाजाराला जातो, आणि मग त्याची मोटार व्हायला कितीसा वेळ! लोखंडी चाकावर पक्क्या रस्त्याने थोडं जरी गेलं तरी मणके मोजून घ्यावे लागतील. म्हणून शेतात ट्रॅक्टर आणि रस्त्याला घोडागाडी.

हा गट वेगळा झाला तोच मुळी मोटारीपायी, १९२७ साली. घ्यायची की नाही यावरून मंडळी फुटली. गंमत म्हणजे ‘घेऊ’ म्हणणाऱ्यांनीही गाडी काळीच घेतली, आणि बंपर चकाकतो म्हणजे मिरवल्यासारखं होतं म्हणून तोही काळा रंगवला. लोक त्यांना काळ्या बंपरवालेच म्हणू लागले.

लोखंडी चाक काही बायबलातून आलेलं नाही. तेव्हा ट्रॅक्टरांना लोखंडीच चाकं असायची. १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्स कंपनीने रबरी टायरचा ट्रॅक्टर विकायला आणला, आणि बाकीचे शेतकरी हळूहळू तिकडे वळले. हे तेवढे होते तिथेच थांबले. मात्र सायकल चालते. घरात वीज चालते, टेलिफोनही चालतो. टीव्ही आणि इंटरनेट नाही. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते. मला हसायची सोय नाही, कारण ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतून येऊन आमच्या एकादशीत ठाण मांडून बसला आणि घरच्या ज्वारीला मात्र त्या दिवशी मज्जाव.

फरक एवढाच की आम्ही का ते विचारत नाही, ते विचारतात. नवी वस्तू दारात आली की ‘हिने आपलं काय होईल?’ हा प्रश्न आधी. किमतीचा नंतर. ट्रॅक्टर मोकाट सुटला तर शेजाऱ्याची जमीन गिळायची हाव सुटेल, शेतं मोठी होतील, शेजारी कमी होतील, हा त्यांचा हिशेब. नियम ठरवणारे धर्मोपदेशकही शेतकरीच, बिनपगारी. त्यांची निवड तर अजबच होते. मंडळींनी सुचवलेल्या माणसांपुढे भजनांची पुस्तकं मांडतात. त्यातल्या एकात चिठ्ठी असते. प्रत्येकाने एक उचलायचं. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो त्या क्षणापासून जन्मभराचा उपदेशक. काल गोठा साफ करणारा माणूस रविवारी प्रवचनाला उभा राहणार, आणि सोमवारी परत गोठ्यात. निवडणूक नाही, अर्ज नाही. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत ही पद्धत आणली तर पोस्टरवाल्यांचं दिवाळं निघेल.

या विश्वासाची मुळं १५२५ च्या झुरिकमध्ये आहेत. बाळाला न विचारता दिलेला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा विधी, खरा नव्हे, मोठं होऊन स्वतः मागितलेलाच खरा, असं म्हणणारे काही जण तिथे निघाले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. पुढे डच धर्मगुरू मेनो सिमन्स या लोकांना मिळाला आणि त्याच्यावरून मेनोनाइट हे नाव पडलं. शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही. लँकेस्टरच्या भागात हे लोक १७१० पासून शेती करताहेत.

तरी मला एक गोष्ट खटकते. बाप्तिस्मा स्वतःहून मागायचा खरा, पण नकार दिला तर पोराने जायचं कुठे? घर, गोठा, सोयरीक, सगळं त्याच आवारात. निवड आहे, पण ती करण्याची किंमत फार आहे.

आयोवा राज्यात तर हे चाक कोर्टात गेलं. तिथल्या मिचेल काउंटीने नवे रस्ते खराब होतात म्हणून २००९ मध्ये लोखंडी चाकांवर बंदी घातली. या पंथाच्या एका तरुणाला दंडाची पावती मिळाली. खरं तर रस्ता वाचावा म्हणून चाकाला रबरी पट्ट्यांचा आधार देणं त्यांच्या नियमात बसत होतं, पण काउंटीच्या नियमात बसेना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. कारण मोठं मासलेवाईक होतं: हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टायरांना धातूचे खिळे लावलेल्या गाड्या आणि बर्फात पकड देणारी साधनं बसवलेल्या शाळेच्या बस त्याच रस्त्यांवरून राजरोस धावत होत्या. त्यांनी पाडलेले ओरखडे काउंटीला चालत होते.