वांगं, जांभूळ आणि खाटकाचा फॉर्म

घरी पाळलेली डुकरं खाटकाकडे पाठवण्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न माझ्याकडे दोन तोंडांनी येतो. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात कुणीतरी ताट घेऊन शेजारी येऊन बसतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "स्वतःच्या हाताने भरवलेल्या डुकरांना कापायला पाठवताना तुला काहीच वाटत नाही का गं?" आणि दर ऑक्टोबरात एखादा फोन येतो: "पहिल्यांदाच दोन पाळलीत, पुढच्या आठवड्यात न्यायचीत. खाटकाच्या फॉर्मवर काय लिहू?"

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. वाटतं. त्या दिवशी सकाळी चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. पण मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल, कारण पहिल्या वर्षी खरं रडू आलं ते मांस घरी आल्यावर. तेही डुकरांच्या आठवणीने नाही, मी फॉर्म चुकीचा भरला म्हणून.

मी वसईची. आमच्याकडे लग्नाच्या आधी घरचं डुक्कर कापलं जायचं. कापायचं काम पुरुषांचं, पण कुठला तुकडा कुठे जायचा हे आजी ठरवायची. ती परात घेऊन उभी राहायची आणि हुकूम सोडायची: खांदा इंदियालला, कलेजी-हृदय-गालफड सारपातेलला, चरबी वेगळी ठेवा, पाय मला द्या. इंदियाल म्हणजे आमचं मिरची-व्हिनेगरमधलं डुकराचं मांस, सारपातेल म्हणजे कलेजी-हृदय वगैरे बारीक कापून रक्त घालून केलेला रस्सा. कुणी काही लिहून घेत नव्हतं. इथे व्हर्जिनियात डोंगराच्या पायथ्याला आमची चार एकर जागा आहे. तिथे परात घेऊन उभी राहणारी आजी नाही. दोन पानी छापील फॉर्म आहे, चौकोनांवर खुणा करायच्या.

आम्ही पाळतो ती जात अमेरिकन गिनी हॉग. काळी कुळकुळीत, केसाळ, ठेंगणी. इथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पूर्वी घरोघरी असायची. गवत चरायची, जंगलात ओकची फळं वेचायची आणि वर्षाच्या शेवटी घराला मांस आणि मुख्य म्हणजे चरबी द्यायची. ही चरबीची डुकरं. १९११ साली बाजारात वनस्पती तुपाचा डबा आला, पुढे तेलं स्वस्त झाली, लोकांना कमी चरबीचं मांस हवंसं झालं आणि ही जात जवळजवळ संपली. आता पुन्हा थोडी माणसं पाळायला लागलीत. मी घेतली ती इतिहासासाठी नव्हे. माझी उंची पाच फूट, आणि मोठ्या जातीचं अडीचशे किलोचं डुक्कर अंगावर आलं तर मला कुंपणासकट घेऊन जाईल.

आमच्या लेकीने त्यांची नावं ठेवली, वांगं आणि जांभूळ. रंगावरून. तेव्हाच मी म्हटलं, खाण्याच्या वस्तूंचीच ठेवलीस ते बरं झालं.

तर पहिला फॉर्म. मी शेजाऱ्याचा बघून भरला. त्याची डुकरं गुलाबी, लांबलचक, सहा महिन्यांत सव्वाशे किलोची होणारी. तो लिहितो: चॉप (पाठीचे हाडासकट काप) एक इंच जाड, हॅम (मागची मांडी) धुरवलेलं, बेकन, उरलेल्याचं मसाला घातलेलं सॉसेज. मीही तेच लिहिलं. चामडी, डोकं, चरबी, आतले अवयव यांचे रकाने मी रिकामे सोडले. मला वाटलं, जे असेल ते देतीलच. रिकामा रकाना म्हणजे "नको", हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

घरी आली ती खोकी बघा. चॉपमध्ये मांसाचा गोल चिकूएवढा आणि त्याभोवती दोन बोटं चरबी. एक इंच जाडीचा तो चिकू तव्यावर टाकला की आतून शिजेपर्यंत बाहेरून चिवट. हॅम खारटढाण, कारण मिठाच्या पाण्यात ते मोठ्या डुकराच्या मांडीएवढे दिवस पडून होतं आणि आमची मांडी निम्म्याहून लहान. सॉसेजला इथल्या लोकांच्या आवडीच्या सेज नावाच्या पाल्याचा वास. आणि चामडी कुठेच नाही. अंगावरच्या कातड्यासकट चरबीचा जाड थर सोलून टाकलेला. वर्षभर आम्ही वाढवली ती चरबीच, आणि तीच टाकून दिली. डोकं नाही, पाय नाहीत, कलेजी नाही. एकोणसत्तर किलोच्या डुकराचं एकोणतीस किलो मांस. आजी असती तर तिने परात माझ्या डोक्यात घातली असती.

वजन कसं कळलं म्हणाल, तर टेपने. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, मग कानांच्या मधल्या भागापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, आणि चारशेने भागायचं. उत्तर पौंडांत येतं. वांग्याचा घेर चाळीस, लांबी अडतीस, म्हणजे १५२ पौंड, साधारण ६९ किलो. आतडी वगैरे काढून टांगलेलं वजन त्याच्या सत्तर-बहात्तर टक्के धरा. खाटीक कापायचे पैसे या टांगलेल्या वजनावर घेतो, पण मारण्याचे पैसे डुकरामागे ठरलेले असतात, लहान असो की मोठं. त्यामुळे लहान डुक्कर किलोमागे महागच पडतं. म्हणून तर टाकून काही द्यायचं नाही.

आता मी काय लिहिते ते सांगते.

सगळ्यात आधी, फॉर्म हातात घेण्याच्याही आधी, म्हणजे तारीख ठरवतानाच विचारायचं: तुम्ही केस काढून चामडी ठेवता की सरळ सोलता? लहान खाटीकखान्यांत बरेचदा सोलतातच. गरम पाण्यात बुडवून केस खरवडायची सोय सगळ्यांकडे नसते, आणि आमच्यासारख्या केसाळ काळ्या डुकरांना तर कुणी हात लावायला राजी नसतं. ती सोय असलेला खाटीक आम्हाला दीड तासावर सापडला. त्याच्याकडे तारखा कित्येक महिने आधी धराव्या लागतात. चालेल. चामडीशिवाय इंदियाल म्हणजे नुसती मिरची आणि व्हिनेगर घातलेली भाजी. तुकड्यात चामडी, चरबी, मांस असे तिन्ही थर हवेत, त्यावर बाटली मसाला (बाटलीत भरून ठेवतो तो आमचा घरचा मसाला) बसतो, दुसऱ्या दिवशी रस्सा चिकट होतो आणि तेव्हाच तो खायचा.

खांदा हाडासकट, अख्खा. दोन्ही बाजूंचे. खाटीक तुकडे करून द्यायला तयार असतात, पण त्यांचे तुकडे यंत्राच्या करवतीने होतात आणि हाडाचा भुगा मांसात राहतो. मी घरी सुरीने करते. लहान जातीत खांदा हाच खरा माल, बाकी सगळं त्याच्या मागे.

पाठीचे चॉप मी करतच नाही. चार-चार बरगड्यांचे तुकडे चामडीसकट तसेच ठेवायला सांगते आणि ओव्हनमध्ये भाजते. तोच चिकूएवढा गोल, पण चरबीच्या आत सावकाश शिजलेला. आता तो चिवट होत नाही.

मागच्या मांड्या ताज्याच, धुरवायला नाही. पोटाचा पट्टा निम्मा ताजा, निम्मा बेकनला, कारण लेक बेकनशिवाय ऐकत नाही. लहान डुकराचं बेकन आखूड येतं आणि चरबी जास्त, पण त्याबद्दलची कुरकुर मी ऐकून घेत नाही. खिमा साधा, काहीही न घालता. हे "काहीही न घालता" मी दोनदा लिहिते आणि खाली रेघ मारते.

डोकं, गालफडं, चारही पाय, हृदय, गुर्दे, कलेजी: सगळ्यांवर "हवं". कलेजीचं मात्र डुकराने आधीच ठरवलेलं असतं. जंतांची पिल्लं कलेजीतून प्रवास करतात आणि मागे पांढुरके डाग सोडतात. तशी कलेजी खाटीक बाजूला काढतो. दुसऱ्या वर्षी आमच्या दोन्ही कलेज्या तशा निघाल्या, तेव्हापासून जंताच्या औषधाची तारीख मी कॅलेंडरवर लिहिते. औषध दिल्यावर किती दिवस कापायचं नाही ते बाटलीवर छापलेलं असतं, तेही तिथेच लिहिते. रक्त मात्र इथे कुणी देत नाही. त्यामुळे माझं सारपातेल वसईच्या मानाने फिकंच. आईला व्हिडिओवर दाखवलं की ती म्हणते, "आजारी दिसतंय."

आणि चरबी. गुर्द्यांभोवतीची पांढरीशुभ्र वेगळी पिशवीत, पाठीवरची जादाची वेगळी. बारीक कापून, तळाला घोटभर पाणी घालून, मंद आचेवर दोन-तीन तास. पाणी उडून जातं, चरबी वितळते, गाळली की थंडीत गोठून लोण्यासारखी होते. नाताळचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, मी यात तळते. उरलेला चुरा मीठ लावून उभ्या उभ्या संपतो, तो ताटापर्यंत कधी पोचलेला नाही.

आता एका डुकराचं बेचाळीस-त्रेचाळीस किलो घरी येतं. डुक्कर तेवढंच, फॉर्म वेगळा.

मंडळातले दोघं-तिघं अधूनमधून विकत मागतात. देता येत नाही. सरकारी तपासनीस हजर नसताना फक्त मालकासाठी म्हणून कापलेल्या मांसाच्या प्रत्येक पाकिटावर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का असतो. घरच्यांनी खावं, फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांना वाढावं, बस. म्हणून जेवायला या म्हणते. आवाज खाली आणून विचारणाऱ्यांपैकीही काही येतात.

न्यायच्या दिवसाचं एवढंच: ट्रेलर आठवडाभर आधी कुंपणात उभा करायचा आणि रोजचं खाणं त्यातच द्यायचं. मग शेवटच्या दिवशी ओढाताण होत नाही, ती आपसूक चढतात. आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, पाणी चालू. आणि एकटं कधी पाठवायचं नाही, दोघं बरोबरच. घाबरलेल्या डुकराचं मांस बिघडतं हे खरं आहे, पण मी दोघांना बरोबर पाठवते ते त्यासाठी नाही.

आठवड्या-दहा दिवसांनी खोकी आणायला जातो. खाटीक खोक्यांवर १ आणि २ असे आकडे लिहितो, दोन डुकरांचं मांस एकमेकांत जाऊ नये म्हणून. गेल्या वर्षी त्याने विचारलं, कुठलं कुठलं ते सांगू का? मी म्हटलं, नको.