बिननावाची गाणी

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला, शेजारचा टीव्ही बंद झाल्यावर, ती वाकडी रेकॉर्ड अखेर सुई न उडता वाजली.

रेकॉर्ड अॅफेक्स ट्विनची, ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम २’. अॅफेक्स ट्विन म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये वाढलेला इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. १९९९च्या ‘विंडोलिकर’ रेकॉर्डवरच्या एका गाण्याच्या आवाजाचा आलेख काढला तर त्यात चक्क चेहरा दिसतो! १९९४च्या या अल्बममध्ये तर एक सोडून कुठल्याच गाण्याला त्याने नाव दिलं नाही. नावाच्या जागी फोटो. चाहत्यांनी त्या फोटोंवरून नावं पाडली. त्यातलं ‘स्टोन इन फोकस’ हे दहा मिनिटांचं गाणं तेव्हाच्या सीडीवर घेतलंच नव्हतं, रेकॉर्डवर आणि कॅसेटवर होतं. म्हणून मला रेकॉर्डच हवी होती.

जुना संच मागवला. भर मे महिन्यात ठाण्याला नौपाड्यात पोचला आणि नेमकी तीच तबकडी बशीसारखी वाकलेली. विकणाऱ्याने हात वर केले. मला रडू आवरेना. मग दोन जाड काचांमध्ये ती ठेवली, वर बाबांचे विश्वकोशाचे खंड रचले आणि पंधरा दिवस हात लावला नाही. पूर्ण सपाट झाली नाहीच. सुईचा दांडा अजून मासुंदा तलावातल्या होडीसारखा वरखाली होतो, पण खाच सोडत नाही.

आई मेथी निवडत ऐकत होती. संथ सूर, मागे एकसारखी टिकटिक. म्हणाली, “हे ताप उतरतानाचं आहे.”

आता दर रात्री एक बाजू लावतो आणि आई नाव देते. ‘विहिरीतली कळशी’. ‘पहाटेचा कोपरी पूल’. मी वहीत पेन्सिलने लिहून ठेवतो. चाहत्यांच्या नावांपेक्षा मला हीच पटतात, कारण आईने फोटो पाहिलेलेच नाहीत, नुसतं ऐकलंय.

पावसाळ्याची मात्र धास्ती आहे. ठाण्याच्या दमट हवेत गेल्या वर्षी दोन कव्हरांना बुरशी आली. यंदा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात, रेकॉर्ड उभ्याच लावल्यात. अॅफेक्स ट्विनच्याच २००५च्या ‘अॅनालॉर्ड’ मालिकेतल्या अकरा रेकॉर्डपैकी माझ्याकडे तीन आहेत, त्याही तिथेच.

काल मी दमून लवकर आडवा झालो, तर आई दारात आली. “अरे, आज लावणार नाहीस का? चौथी बाजू राहिलीय.”