टंकयंत्रातून निघालेली अक्षरे : आमची वाटचाल

ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात वडिलांनी अनेक वर्षे मराठी टंकलेखनाचे वर्ग चालवले. वर्ग बंद झाल्यावर बाकीची यंत्रे भंगारात गेली आणि रेमिंग्टन कळफलकाचे, म्हणजे कळांच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीचे, एक यंत्र आमच्या डीटीपीच्या दुकानात उरले. पुढे झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, एका नाट्यमंडळाला हस्तपत्रकावर टंकलिखित तक्रारअर्ज दाखवायचा होता. तयार फॉन्टमध्ये तो फारच गुळगुळीत दिसू लागला, तेव्हा आम्ही या यंत्राचीच अक्षरे संगणकावर आणायचे ठरवले.

या अक्षरांचा स्वभाव यंत्राच्या अडचणींतून घडलेला आहे. अक्षराच्या प्रत्येक ठोक्यासरशी कागद धरणारा गाडा सारखाच सरकतो, म्हणून अरुंद 'र' भोवती मोकळी जागा राहते आणि रुंद अक्षर आखडते. इंग्रजी यंत्रांच्या 'पायका' मापात एका इंचात दहा अक्षरे बसतात; अमेरिकेत चित्रपटांच्या संहिता आजही ज्या 'कुरिअर' नावाच्या अक्षरवळणात लिहितात, तेही याच समान रुंदीचे आहे. मराठीत गुंता अधिक. आमच्या यंत्रावर ख, घ, थ, ध, भ, श ही अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांत पूर्ण होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते आणि शिरोरेषा सांध्यांवर किंचित खालीवर होते. ही शिरोरेषा सरळ केली असती, तर आमच्या फॉन्टमध्ये काही उरलेच नसते.

पहिला प्रयत्न मात्र फसला. प्रत्येक अक्षराचा एकच ठसा घेतल्यामुळे 'बाबा' शब्दातील दोन्ही 'ब' वर शाईचा डाग नेमका एकाच जागी आला आणि बनाव उघडा पडला. मग शाईच्या जुन्या-नव्या फितीवर, हलक्या-जोरकस ठोक्यांनी प्रत्येक अक्षर पुन्हा उमटवून त्याची तीन-तीन रूपे घेतली आणि ती आळीपाळीने येतील अशी सोय फॉन्टमध्येच केली. यात एक पावसाळा गेला.

हे वळण कुठे वापरू नये, हे आम्हाला ग्राहकांनी शिकवले. हौसेने केलेली एक लग्नपत्रिका पाहून वरपक्षाच्या आजोबांनी, "हे पत्रिका होय का कोर्टाची नोटीस?" असे विचारले, आणि ती आम्हाला स्वखर्चाने पुन्हा छापून द्यावी लागली. लांब मजकुरातही डोळा लवकर थकतो. याउलट दरपत्रकात आकडे एकाखाली एक नेमके बसतात, नाटकाच्या पत्रकावरील चिठ्ठी खरी वाटते आणि मालाच्या लेबलावर वजन, दर, तारीख एवढेच मोजके शब्द असले की ते कोणीतरी स्वतः तपासून नोंदवल्यासारखे दिसतात.

यंत्रावरील 'ळ' ची खालची गाठ झिजलेली होती. ती दुरुस्त करावी, असे आमच्या मुलाचे मत होते. मी ती तशीच ठेवली. आता इथल्या एका बचत गटाच्या पिशव्यांवर 'तांदूळ' हा शब्द त्याच झिजलेल्या 'ळ' ने छापला जातो.